ॲम्पच्या मागची वायर

सकाळी ७.००

चैत्र लागला की पुणे जिल्ह्यात गावोगावच्या जत्रा सुरू होतात आणि आम्हा ऑर्केस्ट्रावाल्यांना उसंत मिळत नाही. आजचा कार्यक्रम जुन्नर तालुक्यातल्या एका गावात आहे. उघडं मैदान, लोखंडी स्टेज, भाड्याचा जनरेटर. अशा दिवशी मी गिटारच्या तारा बदलण्याआधी विजेच्या वायरी तपासतो.

पिशवीतलं सगळं चटईवर काढतो. ॲम्पची कॉर्ड, पेडलबोर्डचा ९ व्होल्टचा ॲडॉप्टर, एक्स्टेंशन बोर्ड, दोन सुटे टॉप, स्क्रू ड्रायव्हर, मल्टिमीटर. आधी डोळ्यांनी बघायचं. टॉपच्या पिना काळवंडल्या असतील तर आत कुठेतरी जोड सैल आहे आणि तिथे ठिणगी उडते आहे. मग टॉप एका हातात आणि वायर दुसऱ्या हातात धरून जरा जोरात ओढायचं. आतल्या पट्टीने वायर घट्ट धरली नसेल, तर ओढ थेट स्क्रूवर येते आणि त्या ओढीने एक दिवस अर्थची तार निसटते. फेज किंवा न्यूट्रल निसटली तर ॲम्प बंद पडतो, लगेच कळतं. अर्थ निसटली तर काहीच कळत नाही. ॲम्प वाजत राहतो, दिवा लागलेला राहतो.

म्हणून मल्टिमीटर. एक टोक टॉपच्या मोठ्या, म्हणजे अर्थच्या, पिनेला, दुसरं ॲम्पच्या पत्र्याच्या स्क्रूला. एक ओहमच्या आत आकडा आला पाहिजे. मग गिटार ॲम्पला जोडून हे दुसरं टोक तारांना लावायचं. पुन्हा आकडा लहानच यायला हवा, कारण गिटारचा ब्रिज आतून जॅकच्या बाहेरच्या भागाला जोडलेला असतो, जॅक ॲम्पच्या पत्र्याला, आणि पत्रा त्या मोठ्या पिनेला. म्हणजे ज्या तारांवर माझी बोटं तीन तास असतात, त्या थेट अर्थिंगला जोडलेल्या आहेत. भिंतीतलं किंवा जमिनीतलं अर्थिंग हा माझ्या वाद्याचाच एक भाग आहे. गिटारवाले पिकअप आणि पेडलवर महिनोन्‌महिने विचार करतात; या भागावर फार थोडे करतात.

सकाळी १०.४५

बुधवार पेठ, तपकीर गल्ली. दुकानांची शटर नुकतीच वर गेली आहेत. माझ्याबरोबर आमच्या बँडमधला नवा मुलगा आहे, यंदापासून दुसरी गिटार वाजवतो. इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे, हात गोड आहे. त्याच्या जर्मनीतल्या काकांनी त्यांचा जुना ॲम्प त्याला दिला. आज तो पहिल्यांदा स्टेजवर जाणार, म्हणून त्याच्यासाठी बोर्ड बांधायचा आहे.

"दादा, घरी स्पाइक बस्टर आहे ना, तोच आणतो," असं तो काल म्हणाला होता. मी नको म्हटलं. तो टेबलाखाली एका जागी पडून राहण्यासाठी केलेला असतो: दीड मीटरची बारीक वायर, प्लास्टिकचं अंग आणि कुठलीही पिन गिळणारी युनिव्हर्सल भोकं.

त्याच्या ॲम्पची कॉर्ड मी पिशवीतून काढायला लावली. जर्मनीतला प्लग, दोन गोल पिना. तिथे अर्थ पिनेतून येत नाही. प्लगच्या कडांवर दोन धातूच्या पट्ट्या असतात आणि तिथल्या सॉकेटमधल्या क्लिपा त्यांना चिकटतात. आपल्या सॉकेटमध्ये अशा क्लिपाच नाहीत. हा प्लग आपल्याकडच्या ६ ॲम्पियरच्या किंवा युनिव्हर्सल भोकात शिरतो, ॲम्प मस्त वाजतो, आणि त्याच्या पत्र्याचा जमिनीशी काहीही संबंध नसतो.

"म्हणजे गेले सहा महिने मी अर्थशिवाय वाजवतोय?" त्याने विचारलं.

"हो. आजपासून नाही."

यावर उपाय सोपा आहे. ॲम्पच्या मागची खाच कॉम्प्युटरच्या कॉर्डचीच आहे, त्यामुळे ॲम्पला हातही न लावता फक्त कॉर्ड बदलायची. ॲडॉप्टर लावायचा नाही, प्लग कापून जोड मारायचा नाही. आपल्या तीन पिनांची, आयएसआयचा शिक्का असलेली, प्रत्येक तार निदान एक चौरस मिलिमीटरची, तीन मीटरची कॉर्ड मी मागितली. काउंटरवरच्या काकांनी आधी एक स्वस्तातली पुढे केली. हातात घेताच हलकी लागली. मीटर लावला, तर अर्थची पिन नुसतीच होती, आत तार नव्हती. अशा कॉर्ड बाजारात सर्रास मिळतात. काका मला ओळखतात. हसून त्यांनी दुसरी काढली. ती मीटरवर पास झाली.

आता बोर्ड. इथे मी घाई करत नाही.

पहिला प्रश्न, किती ताकदीचा हवा? माझा ॲम्प फेंडरचा हॉट रॉड डिलक्स आहे, ४० वॅटचा, व्हॉल्व्हचा. मागच्या पत्र्यावर १८० वॅट लिहिलं आहे. २३० ने भागलं तर पाऊण ॲम्पियरच्या जरा वर. पेडलबोर्ड पंधरा-वीस वॅट. मुलाचा ॲम्प ट्रान्झिस्टरचा, त्याहून कमी. दोघं मिळून दोन ॲम्पियरही ओढत नाही. साधी ६ ॲम्पियरची लाइन म्हणजे १३८० वॅट, आमच्या गरजेच्या तिप्पट. तेव्हा गिटारवाल्याने "हेवी ड्यूटी" या शब्दाला भुलून पैसे घालवू नयेत.

मग जाड वायर का घ्यायची? व्होल्टेज पडतं म्हणून, असं सगळे सांगतात. हिशोब करून बघितला. तांब्याच्या पाऊण एमएमच्या लवचिक वायरचा रोध किलोमीटरला २६ ओहम, दीड एमएमचा १३.३. पंधरा मीटर लांब वायर म्हणजे जाऊन-येऊन तीस मीटर. दोन ॲम्पियर भाराला बारीक वायरीत दीड व्होल्ट पडतात, जाडीत पाऊण. २३० पैकी दीड व्होल्टने ॲम्पच्या आवाजात काही फरक पडत नाही. जाड वायर घ्यायची ती स्टेजवर तिच्यावरून माणसं चालतात, स्पीकरच्या ट्रॉलीचं चाक जातं, खुर्चीचा पाय रुततो म्हणून. आतली अर्थची तार या सगळ्यातून टिकली पाहिजे. दीड एमएम, तीन कोर, आयएस ६९४ छापलेली, पंधरा मीटर अखंड. दहा मीटरची घेतली की मैदानात कमी पडते आणि कुणीतरी चिकटपट्टी मारून जोड देतो.

वायर कापण्याआधी टोकाची एक तार ब्लेडने खरवडून बघितली. बाहेर तांबूस आणि आत पांढरट दिसलं तर ते तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम. ते दोन-चारदा वाकवलं की तुटतं आणि स्क्रूखाली दबून सैल होतं. ही आतपर्यंत तांब्याची निघाली.

पेटी पत्र्याची घेतली. यावर काकांचं आणि माझं नेहमी वाजतं. ते म्हणतात प्लास्टिक बरं, शॉक लागत नाही. त्यांचं म्हणणं घरासाठी पटतं. स्टेजवर मॉनिटर अंगावर पडला की प्लास्टिक फुटतं आणि आतलं पितळ उघडं पडतं. पत्रा फार तर चेपतो. मात्र पत्र्याच्या पेटीत पहिला स्क्रू अर्थचा. वायरीची हिरवी तार लगमध्ये दाबून, वॉशर लावून पेटीला कसायची आणि मगच पुढचं काम. ते जमणार नसेल त्याने पत्र्याची पेटी घेऊच नये.

सॉकेटं चार, ६ ॲम्पियरची, झडपवाली, फक्त आपल्या तीन पिनांची. युनिव्हर्सल एकही नाही. युनिव्हर्सल भोकात सगळ्या पिना जातात आणि कुठलीच घट्ट बसत नाही. व्हॉल्व्ह ॲम्पची वीज वाजवता वाजवता तुटत-जुळत राहिली की ट्रान्सफॉर्मरला दर वेळी झटका बसतो. दोन सॉकेटांच्या मध्ये एक कोरी पट्टी सोडायची, कारण पेडलचे ॲडॉप्टर अंगाने जाड असतात आणि शेजारचं भोक झाकतात. वर नियॉनचा लाल दिवा. त्या मुलाला मी सांगितलं, हा दिवा फेज आणि न्यूट्रल आहे एवढंच सांगतो. अर्थबद्दल तो काहीही सांगत नाही.

शेवटी सर्वांत महागाचं. ३० मिलिॲम्पियरची आरसीसीबी आणि तिच्यामागे ६ ॲम्पियरची सी प्रकारची एमसीबी. मुलाने विचारलं, एमसीबी आहे तर दुसरी कशाला? त्याला मी हिशोब कागदावर करून दाखवला. चैत्रात मैदानातली जमीन कोरडी, खाली मुरूम. ठोकलेल्या रॉडचा रोध समजा ५० ओहम आहे. ॲम्पच्या पत्र्यात फेज उतरली, तर २३० भागिले ५० म्हणजे साडेचार ॲम्पियरच्या आसपास करंट जमिनीत जाईल. ६ ॲम्पियरची एमसीबी त्याला नेहमीचा भार समजून तशीच बसून राहील, आणि पत्रा, जॅक, तारा, सगळं जिवंत राहील. आरसीसीबी गेलेला आणि परत आलेला करंट ताडून बघते. त्यात ३० मिलिॲम्पियरचा फरक पडला की ती सेकंदाच्या अंशात तोडते. एमसीबी वायरला वाचवते, आरसीसीबी माणसाला. दहा मिलिॲम्पियरच्या पुढे स्नायू आखडतात, पकडलेली वस्तू सोडता येत नाही. गिटारवाल्याची मूठ तर वाजवताना तारांवर वळलेलीच असते, तीही घामाने ओली.

दुपारी १.१५

बोर्ड बांधून झाला. स्क्रू त्यानेच कसले, मी फक्त बघत होतो. वायर पेटीत शिरते तिथे रबरी ग्लँड, आत पट्टी. आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबलं, खट्‌कन पडली. पुन्हा वर केली. दर कार्यक्रमाआधी हे बटण दाबायचं हे त्याला पाठ झालं आहे. मग वरणभात.

दुपारी २.३०

टेम्पो निघाला. चाकणला नेहमीप्रमाणे अडकलो. पुढे राजगुरुनगर, मंचर, नारायणगाव. नारायणगाव म्हणजे तमाशाची पंढरी. इथल्या फडांनी वीज नसताना, बत्तीच्या उजेडात आणि नंतर स्वतःच्या जनरेटरवर गावोगाव खेळ केले आहेत. फिरत्या कलावंताने आपली वीज आपण सांभाळायची, हे या भागाला नवीन नाही.

वाटेत आमच्या कीबोर्डवाल्या भाऊंनी विचारलं की त्यांची मेहुणी न्यू जर्सीहून एक ॲम्प आणते आहे, घेऊ का. मी मागचा पत्रा वाचायला सांगितला. तिथे १२० व्होल्ट, ६० हर्ट्झ एवढंच लिहिलं असेल, तर तो इथे नुसता प्लग बदलून चालत नाही. स्टेप डाउन ट्रान्सफॉर्मर लागतो, तोही जड. शिवाय व्होल्टेज उतरवलं तरी आपली वीज ५० हर्ट्झचीच राहते. केवळ ६० साठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर ५० वर जास्त तापतो. आणि बाजारात मिळणारे बरेच स्वस्त स्टेप डाउन अर्थची तार पुढे नेतच नाहीत. जत्रेच्या स्टेजवर ही आणखी एक कमजोर कडी कशाला? मी त्यांना नको म्हणालो. बदलता येणाऱ्या व्होल्टेजचा असेल तर आनंदाने घ्या.

संध्याकाळी ५.००

मैदान. स्टेज उभं आहे, एलईडीची भिंत चढते आहे, मागे ६२.५ केव्हीएचा जनरेटर घुमतो आहे. सगळे साउंड चेकच्या घाईत असतात, पण माझा पहिला अर्धा तास जनरेटरवाल्या दादांचा असतो. नमस्कार, चहा, आणि मग प्रश्न. प्रश्न विचारण्याचीही रीत आहे. "अर्थिंग केलंय का?" असं विचारलं की उत्तर "केलंय" असंच येतं. "दादा, रॉड कुठे ठोकलाय, दाखवता का?" असं विचारायचं.

स्टेजवर आमच्यासाठी सोडलेल्या सॉकेटमध्ये मीटर घातला. फेज आणि न्यूट्रलमध्ये २३४. छान. फेज आणि अर्थमध्ये ११८. न्यूट्रल आणि अर्थमध्येही ११६. हे वाईट. नीट जोडलेल्या ठिकाणी फेज आणि अर्थमध्येही २३० च्या आसपास दिसायला हवेत आणि न्यूट्रल-अर्थमध्ये दोन-चार व्होल्ट. निम्मे-निम्मे आकडे म्हणजे अर्थ कुठेच जोडलेलं नाही, अधांतरी आहे. एलईडीच्या भिंतीत, मिक्सरमध्ये, कीबोर्डच्या ॲडॉप्टरमध्ये विजेतली खरखर गाळण्यासाठी फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ अशी लहान कपॅसिटर बसवलेली असतात. अर्थ जमिनीला टेकलेलं नसलं की त्या दोघांमधून पत्र्यावर निम्मं व्होल्टेज उभं राहतं. ओठ माइकला लागले की बारीक चिमटा बसतो तो यातलाच. एका यंत्राचा चिमटा सोसवतो. सगळ्या स्टेजची यंत्रं एकाच अधांतरी तारेवर असली की तो वाढत जातो. त्यातल्या एका यंत्रात फेज पत्र्याला टेकली, तर मग पूर्ण २३० व्होल्ट सगळ्यांच्या पत्र्यांवर.

दादांबरोबर मागे गेलो. रॉड ठोकलेला होता. त्याची तार जनरेटरच्या अंगाला जोडलेली होती. पण आमच्या लाइनच्या डब्यातली हिरवी तार कुठेच जोडलेली नव्हती, नुसती गुंडाळून ठेवली होती. शिवाय जनरेटरवर न्यूट्रल आणि अर्थचा जोडही नव्हता. हा जोड महत्त्वाचा आहे. तो नसला तर पत्र्यात उतरलेल्या करंटला परत जायला रस्ताच नाही, आणि रस्ता नसला की माझी आरसीसीबीदेखील वेळेवर पडेल याची खात्री नाही. दादांनी जनरेटर बंद करून दोन्ही जोड स्वतः, पाना लावून केले. एका पोराने रॉडभोवती मिठाच्या पाण्याच्या दोन बादल्या ओतल्या. पुन्हा मीटर: २३३, २३१, न्यूट्रल-अर्थ दीड व्होल्ट.

दादांना मी एक गोष्ट आणखी विचारतो, न्यूट्रलचा नटबोल्ट कसलेला आहे ना. थ्री फेज जनरेटरवर दोन फेजमध्ये ४१५ व्होल्ट असतात. न्यूट्रल सुटली तर ज्या फेजवर भार कमी, तिथलं व्होल्टेज ३०० च्या पुढे जाऊ शकतं. आमच्या ओळखीच्या एका बँडचे दोन कीबोर्ड आणि एक ॲम्प असे एका लग्नात जळाले. स्पाइक बस्टरमधला लहानसा भाग विजेचा क्षणिक फटका अंगावर घेतो, मिनिटभर चाललेलं जादा व्होल्टेज तो पेलू शकत नाही, स्वतःच जळतो. म्हणून मैदानाच्या कार्यक्रमांना माझ्या पेटीत व्होल्टेज कट-ऑफ असतो. २७० च्या वर गेलं की लाइन तोडतो, व्होल्टेज जागेवर आलं की थोडं थांबून परत जोडतो. शंभर लोक हजर असताना त्याची किंमत मला जास्त वाटत नाही.

संध्याकाळी ६.१५

साउंड चेक. बोर्ड जमिनीवर ठेवत नाही, प्लास्टिकच्या क्रेटवर ठेवतो. चैत्रात वळवाच्या पावसाचा नेम नसतो, आणि पाण्याची बाटली तर प्रत्येक गाण्यात कुणीतरी लवंडतोच. ॲम्पची कॉर्ड हँडलला एक वेढा देऊन मागे घातली. कॉम्प्युटरच्या या खाचेला लॉक नसतं, कुणाचा पाय अडकला तर ओढ हँडलवर यावी, खाचेवर नाही. विजेच्या वायरी एका बाजूने, गिटारच्या आणि माइकच्या वायरी दुसऱ्या बाजूने. जिथे त्या एकमेकींना ओलांडतात तिथे काटकोनात. पूर्ण वायर उलगडली. गुंडाळलेल्या वायरीत उष्णता अडकते, मोठा भार आला तर मधले वेढे वितळतात.

मुलाचा ॲम्प लावला आणि भुणभुण आली. ५० हर्ट्झची भुणभुण मंद्रातल्या खोल षड्जासारखी अंगावर येते, आणि तिची दुप्पट, १०० हर्ट्झ, गिटारच्या खालच्या तारांच्या ऐन मधे येऊन बसते. कीबोर्डवाले भाऊ म्हणाले, "त्याच्या टॉपची मोठी पिन काढून टाक, लगेच जाईल." जाते, हे खरं आहे. अनेक स्टेजवर हेच करतात. माझ्या डोळ्यांदेखत कुणी करणार नाही.

भुणभुणीचं कारण दुसरीकडे होतं. मुलाच्या ॲम्पमधून एक वायर थेट मिक्सरला गेली होती, आणि मिक्सर तीस मीटर लांब, दुसऱ्या लाइनवर. अर्थचे दोन रस्ते झाले आणि त्या दोन रस्त्यांच्या कड्यातून करंट फिरू लागला. विजेचं अर्थ तोडून तो थांबवायचा नसतो, आवाजाच्या वायरीतलं तोडायचं असतं. साउंडवाल्यांनी मधे डीआय बॉक्स लावला, त्यावरचं ग्राउंड लिफ्टचं बटण दाबलं. आतला छोटा ट्रान्सफॉर्मर आवाज पलीकडे पोहोचवतो, अर्थचं कडं तोडतो. भुणभुण गेली. माझ्या ॲम्पसमोर शुअरचा एसएम ५७ माइक उभा असतो. माइक आणि ॲम्प यांच्यात फक्त हवा, त्यामुळे हा प्रश्नच येत नाही. उरलेली थोडी खरखर एलईडी भिंतीची होती, ती मुलाने दोन पावलं बाजूला सरकून आणि हमबकर पिकअपवर जाऊन घालवली.

शेवटची तपासणी गाण्याआधीची. मल्टिमीटर एसी व्होल्टवर, एक टोक गिटारच्या तारेला, दुसरं गाण्याच्या माइकच्या जाळीला. दोन व्होल्टच्या आत असेल तरच ओठ माइकजवळ न्यायचे. दोन्ही गिटार, सगळे माइक. मुलाला वाटलं मी जरा जास्तच करतोय. तेव्हा त्याला सांगितलं.

डिसेंबर १९६५, सॅक्रामेंटो. रोलिंग स्टोन्सच्या कीथ रिचर्ड्सची गिटार माइकला लागली आणि तो स्टेजवर बेशुद्ध पडला, वाचला. ३ मे १९७२, वेल्समधलं स्वॉन्सी. स्टोन द क्रोज या बँडचा गिटारवादक लेस हार्वी. स्टेजवर नीट अर्थ न केलेल्या माइकला हात लागला आणि तो गेला. वय २७. १९७६ मध्ये यार्डबर्ड्सचा गायक कीथ रेल्फ स्वतःच्या घरी, गिटार वाजवताना, अर्थिंगच्याच दोषामुळे गेला. यांच्याजवळ उत्तम वाद्यं होती, नाव होतं, माणसं होती. तो दोष दोन मिनिटांत मीटर लावून कळला असता.

मुलगा काही बोलला नाही. मीटर माझ्या हातातून घेतला आणि निवेदकाचा माइकही तपासून आला.

रात्री ७.३०

कार्यक्रम. लावणी झाली, जुनी हिंदी झाली, भीमगीतं झाली, मधे पालखी आली तेव्हा वीस मिनिटं थांबलो. मुलाचं पहिलं सोलो टाळ्या घेऊन गेलं. साडेआठला हॅलोजन पेटले, व्होल्टेज क्षणभर २१० वर आलं आणि परत वर गेलं. ॲम्पला कळलंही नाही. समितीतल्या एका तरुणाने मोबाइल चार्जिंगला बोर्डवरचं मोकळं सॉकेट मागितलं. त्याला मी साउंडच्या डब्यावरचं दाखवलं. माझ्या बोर्डवर बँडच्या वस्तूंखेरीज काही लागत नाही. कुणाचा फुटका चार्जर आरसीसीबी पाडेल आणि दोन्ही गिटार ऐन गाण्यात बंद पडतील.

रात्री १०.१५

दहाला स्पीकर बंद, नियमच आहे. आवरताना आधी प्रत्येक टॉपला हात लावून बघतो. एखादा कोमट लागला तर तिथला स्क्रू सैल. आज सगळे गार होते. वायर कोपरावर गुंडाळत नाही, त्याने आतली तार पिळवटते. एक वेढा सरळ, एक उलटा, अशी हातावर घेतो. मुलाने त्याची तशीच घेतली.

जनरेटरवाले दादा टेम्पोपर्यंत आले. म्हणाले, पुढच्या गावच्या जत्रेलाही मीच आहे, हिरवी तार आधीच जोडून ठेवतो.

जत्रेच्या, गणेशोत्सवाच्या, गॅदरिंगच्या समित्यांना माझी विनंती आहे. कार्यक्रम ठरवताना जनरेटरवाल्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: रॉड ठोकला जाईल, त्याची तार स्टेजच्या प्रत्येक डब्यापर्यंत येईल, आणि न्यूट्रल-अर्थचा जोड केला जाईल. आणि गिटार वाजवणाऱ्या प्रत्येक मुलाला, मुलीला सांगतो: पुढचं पेडल घेण्याआधी तीन पिनांची चांगली कॉर्ड, आरसीसीबी लावलेला स्वतःचा बोर्ड आणि एक साधा मल्टिमीटर घ्या. मोठी पिन कधीही तोडू नका, कुणी सांगितलं तरी.